दुसऱ्याच्या खाणीतला कोळसा

आमची मावशी चहाला येते ती दूध घेऊन येते. स्टीलची छोटी बरणी, झाकण उडू नये म्हणून वरून रबर लावलेलं. आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा माझ्या नवऱ्याला वाटलं, बाईंना आमच्या दुधाचा संशय आहे. मी त्याला सांगितलं, "संशय नाही रे, मिंधेपणाची भीती आहे. आपलं दूध तिच्या पोटात गेलं तर ती जगाला तोंड कसं दाखवणार?"

एकदा तिचं मनगट मोडलं होतं. शेजारणीनं माणुसकी म्हणून थर्मास भरून चहा पाठवला. हिनं प्लास्टरच्या हातानं चहा केला आणि थर्मास भरूनच परत पाठवला. शेजारणीनं पुन्हा पाठवला, हिनं पुन्हा भरून पाठवला. तो बिचारा थर्मास दोन घरांच्या मधे कितीतरी दिवस येरझाऱ्या घालत होता. शेवटी शेजारणीनंच कानाला खडा लावला आणि सोसायटीत सांगत सुटली की या बाईला मदत करणं म्हणजे आ बैल मला मार.

मला हे सगळं हसत सांगता येतं, पण याचं मूळ मला ठाऊक आहे. मावशी आणि माझी आई शाळकरी होत्या तेव्हा आजोबांची नजर गेली. त्यांना मुली उशिरा झालेल्या, ते तेव्हाच उतारवयाला लागले होते. कमाई थांबली आणि सगळं बिऱ्हाड आजोबांच्या भावाच्या घरी जाऊन राहिलं. तिथं जेवायला कमी नव्हतं, पण प्रत्येक घासाबरोबर एक वाक्य वाढलं जायचं. माझी आई ते वाक्य घासाबरोबर गिळायची. मावशीला ते गिळता आलं नाही. कमवायला लागल्यापासून तिनं जे ठरवलं ते ठरवलं: कुणापुढे हात पसरायचा नाही. तिनं लग्नही केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी राहायला जायचं, तेही कायमचं? छे!"

मावशी रफू करायची. जिन्याखालची तिरकी खोली, एक खिडकी, खिडकीला चिकटलेलं टेबल, आणि दांडीवर लोकांचे कोट. कुणाचा सिगारेटनं जळलेला, कुणाचा कसरीनं खाल्लेला, कुणाचा दाराच्या कडीत अडकून फाटलेला. ती कोट उलटा करायची आणि आतल्या शिवणीत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड शोधायची. तिथून एकेक धागा उसवून काढायचा आणि भोकावर आधी उभे, मग आडवे, एक वरून एक खालून असे विणत जायचं. काम संपलं की वाफेची इस्त्री. मग कोट गिऱ्हाइकापुढे टाकून म्हणायची, "शोधा." गिऱ्हाईक बोटं फिरवून फिरवून दमलं की मगच पैसे घ्यायची. सापडलं तर घ्यायची नाही. बहुधा कुणाला सापडायचं नाही.

"बाहेरचा धागा लावला की ते रफू नाही, ते ठिगळ," असं ती म्हणायची. "ज्याचं भोक त्याच्याच कापडानं बुजवायचं." मला वाटतं, तिनं धंदा निवडला नसावा, धंद्यानंच तिला हेरलं असावं.

गेल्या वर्षी तिनं दुकान बंद केलं. म्हणाली, लोक आता रफू करत नाहीत, फाटलं की टाकतात. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. शिवाय माझी आई गेल्यापासून मावशीच काय ती माझी उरली होती, आणि तिनं त्या कोंदट खोलीतून बाहेर पडावं अशी माझीही इच्छा होती. आपल्याला हवं तेच कुणी सांगितलं तर आपण कशाला खोलात शिरतो?

आता त्या खेळाचं सांगते. खेळ आमच्या लेकीचा. ती नोकरीला लांब गेली आणि जाताना हे जडशीळ खोकं आमच्या कपाटात सोडून गेली. आत मोठा पट, त्यावर जुन्या काळच्या कारखान्यांच्या गावांचा नकाशा. सगळं धुराचं, करड्या-काळ्या रंगाचं. आपण उद्योजक व्हायचं. कालवे खणायचे, मग रेल्वे टाकायची, कापडाच्या गिरण्या, लोखंडाच्या भट्ट्या, कोळशाच्या खाणी उभ्या करायच्या. रविवारी दुपारी आम्ही चौघं बसायला लागलो: मी, माझा नवरा, मावशी, आणि खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले. चष्मेवाल्यांचं चष्म्यांचं दुकान रविवारी बंद असतं आणि घरात बायको त्यांना टिकू देत नाही, म्हणून ते आमच्याकडे. नियमांचं पुस्तक त्यांनी पाठ केलं होतं. नवरा शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे त्याला नकाशा दिसला की तो कालवे खणायचं सोडून नद्यांची चौकशी करत बसायचा. मी एका लिफ्टच्या कंपनीत तक्रारीचे फोन घेते. दिवसभर लोकांचं ऐकून घेते, त्यामुळे घरी आल्यावर कुणाचं ऐकत नाही. खेळातही नाही.

या खेळात एक गंमत आहे आणि सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे, म्हणून नीट सांगते. तुम्ही कोळशाची खाण बांधली की तिच्यावर काळे ठोकळे मांडायचे. हा झाला तुमचा कोळसा. पण कालव्यानं जोडलेला कुणीही खेळाडू येऊन तो फुकट उचलू शकतो. तुम्ही ओरडायचं नाही. उलट हात जोडून वाट बघायची, की कुणी तरी या आणि माझा कोळसा न्या! कारण खाण रिकामी झाली की तिची चकती उलटते आणि मालकाचं उत्पन्न वाढतं. आपला कोळसा आपणही वापरू शकतो, पण दुसऱ्यानं घेतला तर तुमचं भलं लवकर. कुणी घेतलंच नाही तर खाण तशीच भरलेली पडून राहते आणि तुम्ही बसता बोंबलत.

आणि आमची मावशी कुणाचा कोळसा घेत नसे.

शेजारी चष्मेवाल्यांची लाल खाण काठोकाठ भरलेली, कालवा जोडलेला, आणि ही बाई चार रस्ते ओलांडून बाजारातून विकत कोळसा आणायची. पैसे मोजून! चष्मेवाल्यांचा जीव कासावीस व्हायचा.

"मावशी, घ्या की हो माझा. पाया पडतो तुमच्या."

"नको. तुमचा तुम्हाला असू दे."

"अहो, पण तुम्ही घेतला तरच माझी खाण चालणार! नियम क्रमांक..."

"म्हणजे मी तुमचं घ्यायचं आणि वर तुमचंच भलं व्हायचं? हे कुठलं शास्त्र? तुम्ही मला भोळी समजता काय?"

चष्मेवाल्यांनी पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिनं ते न बघता बाजूला सारलं. "छापलेलं सगळं खरं असतं का? माझा कोळसा न्या हवा तितका, मी नाही म्हणते का? पण माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका." ती दर वेळी शेवटची यायची आणि ताठ मानेनं यायची. एकदा चष्मेवाले चिडून म्हणाले, "अशा चार बायका त्या काळात असत्या तर यंत्रयुग आलंच नसतं." मावशी म्हणाली, "बरंच झालं असतं. कपडे कमी फाटले असते."

असं बरंच चाललं. मग तो रविवार आला. आभाळ भरून अंधारलेलं, म्हणून दुपारीच दिवा लावला होता. पटावर माझी जांभळी खाण कालव्याच्या वळणावर भरलेली, आणि मावशीची निळी खाण पलीकडच्या गावात. मावशीची पाळी आली. तिला गिरणी वाढवायची होती, कोळसा हवा होता. तिनं हात पुढे केला आणि सरळ माझ्या खाणीवरचा ठोकळा उचलला.

आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. चष्मेवाल्यांनी भुवया इतक्या वर नेल्या की चष्मा खाली घसरला. नवऱ्यानं मला टेबलाखालून पाय मारला. कुणी चकार शब्द काढला नाही, न जाणो, बोललो तर परत ठेवायची! पुढच्या पाळीला तिनं आणखी एक उचलला. मला इतका आनंद झाला की मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि गॅसपुढे उभी राहून एकटीच हसले. मनात म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी गाडी रुळावर आली. आज माझा कोळसा घेतला, उद्या माझं दूधही घेईल.

चहा घेऊन आले तेव्हा ती शेवटचा ठोकळा उचलत होती. उचलला आणि समाधानानं म्हणाली, "झाली माझी खाण रिकामी. चकती उलटा कुणीतरी, आणि माझं उत्पन्न वर सरकवा."

चष्मेवाले हसले. "वा मावशी! खाण हिची आणि उत्पन्न तुमचं? हा व्यापार झकास आहे!"

"हिची कशी? निळी आहे की. माझी."

मावशी आमच्या तोंडांकडे बघत होती, पण बघत होती म्हणजे काय, आमच्या दिशेला मान करून होती. ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आणि मग माझ्या नवऱ्यानं, ज्याच्या चांगुलपणाचा मला कधीकधी राग येतो, पटकन चकती उलटली आणि तिचा मोहरा वर सरकवत म्हणाला, "हो हो, निळीच आहे. आमचंच चुकलं."

मावशीचा चेहरा उतरला. खेळात कुणी तिला कधी सूट दिली नव्हती आणि ती का मिळाली हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. ती उठली. "जावईबापू, मला दान नको," एवढंच म्हणाली. बरणी चाचपून उचलली, झाकणावर रबर चढवलं आणि निघून गेली. मी जिन्यापर्यंत मागे गेले. तिनं कठडा धरला होता आणि प्रत्येक पायरीवर आधी पाऊल घासून बघत होती. मला वाटायचं गुडघे दुखतात.

परत आले तर चष्मेवाले डोक्याला हात लावून बसलेले. "मी चष्मे विकतो हो," ते म्हणाले. "आयुष्यभर लोकांचे डोळे बघत आलो. आणि दर रविवारी या बाईच्या शेजारी बसून मी तिला कोळशाचे नियम शिकवत होतो." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मला त्यांना काही तरी टोचून बोलायचं होतं, पण मी तरी काय दिवे लावले होते? मी भाची. माझ्यापेक्षा जवळचं तिला कोण होतं?

ते गेल्यावर नवरा कपाटातून त्याचा काळा कोट घेऊन आला आणि कोपर माझ्यापुढे धरलं. दुकान बंद करण्याआधी मावशीनं त्याला हे शेवटचं रफू करून दिलं होतं. मी दिव्याखाली धरलं. बोट फिरवायची गरजच नव्हती. काळ्या कापडावर जांभळट धाग्याची जाळी लांबूनही दिसत होती. मी कोट उलटा केला. आतली शिवण जशीच्या तशी, एक धागा काढलेला नाही. तिनं रिळाचा धागा वापरला होता. बाहेरचा! शिवणीतला धागा तिला दिसलाच नसणार, आणि रिळावरचा तिला काळा वाटला असणार.

"तुला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं."

"आणि मी कामाला निघून गेल्यावर तू हा कोट घालून शाळेत जात होतास?"

"मुलं हसायची थोडी," तो म्हणाला. "पण तिनं 'शोधा' म्हटलं ना, तेव्हा मी म्हटलं, सापडत नाही. मग नंतर कसं सांगणार? तिला वाईट वाटलं असतं."

मी त्याला असं झापलं की खालच्या मजल्यावर चष्मेवाल्यांनी दार लावून घेतलं. तिला वाईट वाटू नये म्हणून तू गप्प, आम्हाला त्रास होऊ नये म्हणून ती गप्प, आणि मधल्या मधे तिचे डोळे चाललेत! तो ऐकत राहिला. चूक त्याची होती, पण माझा राग त्याच्यावर नव्हता, मी घाबरले होते. आजोबांची नजर गेली होती, ती काही परत आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून परस्पर मावशीकडे गेले. तिची राहायची खोली मी लहानपणापासून बघत आले होते, पण त्या दिवशी वेगळीच दिसली. चहाची बरणी आणि साखरेची बरणी ओळखू याव्यात म्हणून एकीच्या गळ्यात दोरा बांधलेला. गॅसच्या बटणावर मेणाचा ठिपका. भिंतीवरच्या बल्बच्या जागी दुकानात लावतात तसला ढणढणीत दिवा. टेबलावर सुयांची उशी, त्यात सगळ्या सुया आधीच ओवून ठेवलेल्या, कधीतरी उजेड चांगला असेल तेव्हा ओवल्या असाव्यात. अख्खं घर तिनं हातांनी दिसेल असं लावून घेतलं होतं आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"बोल आता," मी म्हटलं. "कधीपासून?"

ती सुयांची उशी चाचपत म्हणाली, "धुकं आहे गं. आधी थोडं होतं. आता सगळंच धुक्यात आहे."

"मग डॉक्टरकडे का गेली नाहीस?"

"गेले होते की. दोनदा."

मला धक्काच बसला. "मग? काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. आत सोडलंच नाही. खिडकीवरची पोरगी म्हणाली, डोळ्यात औषध घालावं लागेल, मग तीन-चार तास काही दिसणार नाही, सोबत कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही. तर म्हणाली, आजी, सोबत माणूस घेऊन या. मी परत आले. दुसऱ्यांदा गेले तर दुसरी कोणी होती, तिनंही तेच विचारलं. एकटीला घेतच नाहीत म्हणे."

"आणि मी?" माझा आवाज चढला. "मी कोण होते? मी मेले होते का?"

"तू नोकरीची बाई. तुझा दिवस मोडायचा, आणि वर..." ती थांबली. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "आणि असेल वडिलांचंच दुखणं. त्यांचं काय बरं झालं? काकांच्या घरी ते भिंत धरून जेवायला यायचे. कुणी हात धरला की काकू म्हणायची, आता यांना धरायला एक माणूस पोसा. मला कळूनच काय करायचं होतं? कळलं की हात धरायला माणूस लागणार. न कळता चाललंय ते बरं."

मला रडू आलं आणि रडू आलं की मी भांडते. मी खेळाचाही दाखला दिला. म्हटलं, तू घेतलंस की माझं भलं होतं, तेवढं सुद्धा तुला कळत नाही का? ती म्हणाली, "खेळ तो खेळ. पत्त्यातला राजा घरी येऊन भाडं देतो का?" मी विनवलं, मी दरडावलं, मी आईची शपथ घातली. ती जागची हलली नाही. जातीची रफूवाली, एकदा वीण घातली की सुटत नाही.

शेवटी मी दमले आणि तोंडाला येईल ते बोलले. "ठीक आहे. नको येऊस. मी उद्याची रजा टाकून बसले आहे, साहेबांनी मंजूरही केली, आता परत मागता येत नाही. जाऊ दे वाया."

रजाबिजा काही टाकली नव्हती. पण 'वाया' म्हटल्याबरोबर मावशीची मान वळली.

"वाया? अख्खा दिवस?"

"अख्खा."

"परत घेत नाहीत?"

"नाही."

ती चिडलीच. "विचारल्याशिवाय रजा टाकायची असते का? अक्कल आहे की नाही? आता वाया घालवायची म्हणजे..." ती थोडा वेळ पुटपुटत राहिली आणि मग म्हणाली, "किती वाजता जायचं?" जन्मात कुणाचं काही घेतलं नाही, पण कुणाचं काही वाया घालवणंही तिच्या रक्तात नव्हतं. मी जिन्यात उभी राहून ऑफिसला फोन केला आणि खरोखरची रजा मागितली.

डोळ्यांच्या दवाखान्यात लांबलचक बाक होता आणि त्यावर सगळे जोडीजोडीनं बसलेले. एक डोळे मिटलेला, एक त्याचा हात धरलेला. मावशीच्या डोळ्यांत औषध घातलं. बाहुल्या मोठ्या झाल्या की बोलावतो म्हणाले. ती ताठ बसली होती. मी तिचा हात हातात घेतला. तिनं काढून घेतला नाही, तेव्हाच मला कळलं की ती किती घाबरली आहे.

"वडिलांचंच निघालं तर?" ती म्हणाली.

"तर मी आहे."

"तेच तर नको आहे गं मला."

मी मनातल्या मनात आजोबांना भिंत धरून जेवायला येताना बघत होते, आणि त्यांच्या जागी मावशीला, आणि मला वाटत होतं की हा बाक कधी संपूच नये. आत गेलं की खरं कळणार.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं यंत्रातून एक डोळा बघितला, मग दुसरा. मग पुन्हा पहिला. मागे टेकून बसली आणि माझ्याकडे वळून रागानं म्हणाली, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. इतके दिवस काय करत होतात?"

"मोतीबिंदू," मी म्हटलं. "म्हणजे निघतो तो?"

"निघतो म्हणजे? आज उद्याचं काम आहे. एका वेळी एक डोळा. बाकी तपासण्या करू, पण एकंदर आतला पडदा चांगला दिसतोय. दिसेल त्यांना."

"एवढंच?" मावशी म्हणाली.

"एवढंच," डॉक्टरीण म्हणाली. "एवढंच, आणि तुम्ही त्यासाठी वर्षभर अंधारात बसलात."

माझा जीव भांड्यात पडला. लोक म्हणतात ते मी नुसतं ऐकलं होतं, त्या दिवशी मला तो पडल्याचा आवाज ऐकू आला. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, तुम्ही मला हवं तितकं रागवा, माझं काही म्हणणं नाही. त्या हसल्या.

मावशीनं उठता उठता विचारलं, "माझे वडील म्हातारपणी आंधळे झाले होते. हेच असेल का ते?"

"आता कसं सांगणार? पण तेव्हा बऱ्याच जणांची नजर यानंच जायची. कुणी दवाखान्यात नेत नसे त्यांना."

मावशी बाहेर येऊन बाकावर बसली आणि औषधानं आधीच पाणावलेल्या डोळ्यांतून आणखी पाणी काढत राहिली. मी तिला रडू दिलं. मग तिनं पदर चेहऱ्यावरून फिरवला, नाक ओढलं आणि म्हणाली, "चल, चहा पाज." मी तिला टपरीवर नेऊन चहा पाजला. दूध टपरीवाल्याचं होतं. तिनं दोन कप घेतले.

उजव्या डोळ्याचं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आम्ही दोघंही गेलो होतो. मावशीनं एक मिनिट डोळा किलकिला करून छताकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्या नवऱ्याकडे. त्या दिवशी गारठा होता आणि त्या गाढवानं नेमका तोच कोट घातला होता. मावशीची नजर कोपरावर गेली आणि तिथंच थांबली.

"जावईबापू, हे कुठल्या आंधळ्यानं रफू केलंय?"

नवरा पांढराफटक पडला. मी दाराकडे बघायला लागले. मग मावशीच हसायला लागली, आणि इतकी हसली की परिचारिका धावत आली, की आजी, डोळ्यावर ताण येईल. "शोधा म्हटलं होतं ना मी?" ती हसत हसत म्हणाली. "आणि तुम्हाला सापडलं नाही! कोट काढा आधी. घरी गेल्यावर उसवते." नवऱ्यानं खरंच तिथल्या तिथं कोट काढला आणि घरी येईपर्यंत कुडकुडत आला. पण इतका खूष दिसत होता की मी त्याला काही बोलले नाही.

एक डोळा लख्ख झाल्यावर मावशीला अडवणारं कुणी नव्हतं. ती एकटी बाजारात जायला लागली. एकटी जिना उतरायला लागली. दवाखान्यातही तपासणीला एकटीच जाऊन आली, सोबत माणूस आता लागत नव्हता. मला वाटलं, झालं, पूर्वीचे दिवस पुन्हा सुरू. तिला दिसायला लागलं हेच माझ्यासाठी डोंगराएवढं होतं, त्यामुळे मी तक्रार केली नाही.

मग एका दुपारी तिचा फोन आला. मी ऑफिसात होते, एका माणसाची लिफ्ट अडकली होती आणि तो दुसऱ्या फोनवर मला शिव्या देत होता. मावशीचा फोन दिवसा कधी येत नाही. मी घाबरून तो कानाला लावला.

"बुधवारी दुसरा डोळा आहे," ती म्हणाली. "तू ये."

मी म्हटलं, "येते."

"आणि ऐक. डोळा झाला की आठ दिवस तुझ्याकडे राहीन म्हणते. एकटीनं करता येतं मला, तसं काही नाही. पण राहीन म्हणते. चालेल ना?"

इतक्या वर्षांत मावशी आमच्याकडे एक रात्रसुद्धा राहिली नव्हती. माझ्या बाळंतपणात नाही, आई गेली तेव्हाही नाही. कितीही उशीर झाला तरी आपल्या खोलीवर जायची. आणि आज, दिसत असताना, गरज नसताना, ती मला विचारत होती.

"चालेल," मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला. पलीकडे तो माणूस अजून ओरडत होता, की मी मघापासून अडकलोय, तुम्ही हसताय की रडताय? मी त्याला खरं काय ते सांगितलं. म्हटलं, "दादा, माझी मावशी माझ्याकडे राहायला येतेय." त्यानं ओरडणं सोडलं आणि अडकलेल्या लिफ्टमधूनच म्हणाला, "बरं झालं, ताई."